दोन्ही डबे घरात

भानुमती टिपणीसच्या घरी स्टीलचे दोन सारखे डबे होते. चार पुडांचे, जाड कडीचे, करोल बागेतल्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले आणि झाकणांवर मुलाचं नाव घातलेले. हे डबे एकत्र मात्र कधी दिसायचे नाहीत. एक तिच्या फळीवर असला की दुसरा परीक्षितजवळ असायचा, जम्मूच्याही पलीकडे, कुठल्याशा डोंगरातल्या छावणीत.

परीक्षित तिचा एकुलता एक मुलगा. सैन्यात कॅप्टन होता. पुण्याहून जम्मूला जाणारी गाडी नवी दिल्ली स्टेशनवर वीसेक मिनिटं थांबायची आणि त्याला कामानिमित्त पुण्याला वरचेवर जावं लागायचं. जाताना किंवा येताना तो त्या गाडीत असला की भानुमती फलाटावर हजर. भरलेला डबा गाडीच्या दारातून आत जायचा आणि मागच्या वेळचा डबा तिच्या हातात परत यायचा. पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्या करून परतलेली भाजी, लसणाची चटणी, आणि सगळ्यात खालच्या पुडात काहीतरी गोड. "उतरू नकोस रे, गाडी सुटेल," हे तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. आणि तो उतरणार हेही ठरलेलं.

परत येणारा डबा कधी रिकामा नसायचा. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिनं त्याला लहानपणीच शिकवलं होतं. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या नायरबाईंकडून सांबाराची वाटी आली की ती परत देताना हा पोरगा स्वतः चिमूटभर साखर टाकायचा आणि मग वाटेत बोटानं तीच चाटून टाकायचा. मोठेपणी डब्यातून कधी चार अक्रोड यायचे, कधी मेसमधल्या साखरेच्या पुड्या. एकदा काहीच मिळालं नाही म्हणून त्यानं देवदाराचं एक फळ घातलं होतं. ते अजून टीव्हीवर ठेवलेलं होतं.

स्टेशनवर डबा घेऊन जाणं भानुमतीला नवं नव्हतं. सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन ती लग्न करून दिल्लीत आली, तेव्हापासून तिचं निम्मं माहेर तिला फलाटावरच भेटलं. तिचे यजमान श्यामकांत केंद्र सरकारच्या नोकरीत. क्वार्टर दोन खोल्यांचं. घरी उतरणारी माणसं घरी उतरत, त्यांना कालकाजी, कुतुब, पानिपतच्या लढाईचं काला अंब दाखवावं लागे. पण हरिद्वारला, अमृतसरला सरळ जाणारे कळवायचे, "गाडी अमुक वाजता दिल्लीला आहे, जमलं तर या." त्या 'जमलं तर'चा अर्थ तिला चांगला कळायचा. काका हरिद्वारहून परतताना, मामा डोळ्याच्या ऑपरेशनला चंडीगडला जाताना, सगळ्यांना तिनं खिडकीच्या गजांतून पोळ्या दिल्या. मामा तर पुन्हा भेटलेच नाहीत. शेवटचं पाहिलं ते खिडकीतून, चटणी लागलेल्या बोटांनी हात हलवताना. त्यामुळे एकही गाडी चुकू नये म्हणून ती तासभर आधीच फलाटावर जाऊन उभी राहायची. श्यामकांत तिची थट्टा करत. "भानू, रेल्वेमंत्र्याला एवढी काळजी नसेल गं गाड्यांची."

"त्यांचं कोणी बसलेलं नसतं आत," ती म्हणायची.

श्यामकांत रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. ऑफिसच्या लोकांनी मिळून काढलेल्या सोसायटीत त्यांनी फरीदाबादला फ्लॅट घेऊन ठेवला होता. तेव्हा सगळेच असे बाहेर पडत होते, कोणी नोएडाला, कोणी गुडगावला. मथुरा रोडपासून आत, जिथे काल-परवापर्यंत मोहरीची शेतं होती तिथे चार मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या. नाव 'नवकिरण अपार्टमेंट्स'. निम्म्या फ्लॅटना कुलपं. ज्यांनी घेतले ते अजून राहायला आले नव्हते. फोनसाठी अर्ज केला होता, नंबर लागला नव्हता. केबल मात्र लगेच आली. पलीकडच्या प्लॉटवर रात्रंदिवस सिमेंट कालवायचं मशीन घरघरायचं आणि घराघरातून परदेशी चॅनेलवरची माणसं बोलायची, पण जिन्यात कोणी कोणाशी बोलायचं नाही. समोरच्या खुराणाबाई दाराची साखळी लावूनच बोलायच्या. आर. के. पुरममध्ये भानुमती बाहेर गेली तर किल्ली नायरबाईंकडे असायची. इथे ती पर्समध्ये फिरायची.

त्यातच शेजारच्या सेक्टरमध्ये एक घर भरदिवसा फुटलं. कोणीतरी येऊन वॉचमनला विचारलं, साहेब कुठे गेलेत? वॉचमननं सांगून टाकलं, शादी में गए हैं, रात को आएँगे. झालं. ट्रक आणून सगळं सामान नेलं म्हणे. खरं किती, खोटं किती कोण जाणे, पण भानुमतीची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी तिनं खाली जाऊन वॉचमन बलबीरला बजावलं, "देखो, हमारे बारे में कोई भी पूछे, कोई भी, तो कहना बाज़ार गए हैं, अभी आते ही होंगे. कहाँ गए, कब आएँगे, बिल्कुल नहीं बताना."

"जी मैडम. कोई भी पूछे," बलबीरनं मान डोलावली.

"म्हणजे तुझा भाऊ सांगलीहून आला तरी आपण बाजारात," श्यामकांत जिना चढताना म्हणाले.

"भाऊ कळवल्याशिवाय येत नाही माझा."

हे घर परीक्षितनं अजून पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये तो पुण्याला कोर्ससाठी गेला तेव्हाची भेटही फलाटावरचीच, आणि ती फार वाईट झाली होती.

त्याची पाच वर्षांची मुदत संपत आली होती. आता सोडायचं की मुदत वाढवून घ्यायची, हे त्यानं कोर्सहून परतल्यावर युनिटला कळवायचं होतं. भानुमतीनं त्याच्या नकळत श्यामकांतच्या जुन्या साहेबांच्या जावयाशी बोलून ठेवलं होतं. जावई गुडगावच्या एका परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सैन्यातली मुलं त्यांना हवीच होती, शिस्तीची म्हणून. गाडी, फ्लॅट, सगळं. फलाटावर डबा हातात देता देता तिनं ते एका दमात सांगितलं.

"आई, आत्ता? इथं?" परीक्षित हसला. "चहा तरी पिऊ दे यार."

"हसू नकोस. तिकडच्या बातम्या मी रोज ऐकते. गेलेल्यांची नावं वाचून होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तू सही करायची नाहीस. मला वचन दे."

"असं स्टेशनवर वचन देतात का?"

"दे म्हणते ना."

तो हळूच म्हणाला, "आई, मला आवडतं तिथे. तू एकदा तरी विचारलंस का, मला आवडतं का?"

त्यावर भानुमती जे बोलली ते तिचं तिलाही कळलं नाही. "मग यापुढे मी स्टेशनवर येणार नाही. तू जा तुझ्या डोंगरात. मला नाही बघवत सारखं सारखं तुला गाडीत चढताना." हमाल वळून बघायला लागले. श्यामकांतनी तिचा दंड धरला. गाडीनं शिट्टी दिली आणि परीक्षित डबा पोटाशी धरून दारात उभा राहिला, गाडी वळेपर्यंत. तिनं हात हलवला नाही.

त्यानंतर दोन महिन्यांत पुण्याहून जी पत्रं आली ती श्यामकांतच्या नावानं. प्रकृती ठीक आहे, थंडी बरी आहे, आईला नमस्कार. भानुमती उत्तर लिहायला बसायची आणि फाडायची. असलं पत्रात लिहून कळतं का? तोंडासमोर सांगायला हवं. सांगायचं एवढंच होतं की बाबा रे, तुला हवं ते कर, मी पुन्हा म्हणून त्यातलं अक्षर काढणार नाही. संक्रांत जवळ आली होती. तिनं मनाशी ठरवलं, परतताना गाडी थांबली की आधी तिळगूळ त्याच्या हातावर ठेवायचा, मग बोलायचं. हातावर तिळगूळ ठेवल्यावर भांडण काढायचं नसतं. मग ते आपोआप मिटेल.

परतीच्या गाडीची तारीख त्यानं कार्डावर कळवली. खाली एक ओळ होती, "धुकं फार असेल, आईला म्हणावं येऊ नकोस."

"तो मला येऊ नकोस म्हणतोय," भानुमती म्हणाली.

"धुकं आहे म्हणून म्हणतोय," श्यामकांत म्हणाले.

"धुकं दरवर्षीच असतं."

त्या दिवशी गुळपोळ्या करून, डबा शालीत गुंडाळून दोघं निघाले तेव्हा समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. एरवी ती एकटी गेली असती, पण फरीदाबाद म्हणजे काही आर. के. पुरम नव्हे आणि श्यामकांत अशा धुक्यात तिला एकटीला सोडायला तयार नव्हते. बलबीर गेटशी शेकोटी करून बसला होता. "बाज़ार?" त्यानं डब्याकडे बघत विचारलं. "हाँ, बाज़ार," भानुमती म्हणाली. ऑफिसला जाणाऱ्यांच्या शटल आगगाडीत उभं राहून, दर सिग्नलला थांबत, ते नवी दिल्लीला पोचले.

फलाटावर माणसं पोत्यांसारखी पसरली होती. कोणी रजईसकट झोपलेलं, कोणी स्टोव्ह पेटवलेला. लाउडस्पीकरवरची बाई एका गाडीचं नाव घ्यायची आणि होणाऱ्या असुविधेबद्दल खेद व्यक्त करायची, मग दुसऱ्या गाडीचं. पुण्याची गाडी आधी थोडी उशिरा होती. मग आणखी उशिरा. मग फळ्यावर तिच्यापुढे कोणीतरी नुसतंच 'अनिश्चित' लिहून ठेवलं.

"अनिश्चित म्हणजे काय?" भानुमतीनं विचारलं.

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही. आपल्या ऑफिसात आम्ही 'विचाराधीन' लिहायचो."

चौकशीच्या खिडकीशी गर्दी इतकी की आवाज आत पोचत नव्हता. शेवटी एक लांब मफलर गुंडाळलेला पंजाबी गृहस्थ आतून बातमी घेऊन आला आणि त्यानं सगळ्यांनाच ती वाटून टाकली. मथुरेच्या पुढे मालगाडीचे डबे घसरलेत. माणसांना काही झालेलं नाही, पण रस्ता बंद आहे. पुण्याची गाडी मथुरेलाच संपवली. प्रवाशांना बसनं दिल्लीला आणताहेत. इथून संध्याकाळी दुसरी गाडी लावून त्यांना जम्मूला नेणार.

"बस से!" बाकावरची एक म्हातारी म्हणाली. "टिकट रेल का, सवारी बस की. अगली बार कहेंगे बैलगाड़ी भेजी है."

"अम्मा, धुंध में बैलगाड़ी ही पहले पहुँचेगी," मफलरवाला म्हणाला, आणि आजूबाजूची थकलेली माणसं हसली. भानुमती हसली नाही. एक मात्र झालं होतं. वीस मिनिटांऐवजी संध्याकाळपर्यंतचा वेळ हातात होता. तिच्या मनात पहिल्यांदाच थोडं उजाडल्यासारखं झालं. समोर बसवून जेवायला घालता येईल. तिळगूळ देऊन लगेच पळावं लागणार नाही.

बसगाड्या अजमेरी गेटच्या बाजूला येणार असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं पहाडगंजला. ते पूल चढून एकीकडे गेले, तिथून दुसरीकडे. श्यामकांतचे गुडघे बोलायला लागले तरी ते काही बोलले नाहीत. दुपार उलटून गेल्यावर अजमेरी गेटकडून पहिली बस आली, दिवे लावून, वर ट्रंका आणि होल्डॉल बांधलेले. माणसं उतरली ती थंडीनं काळीनिळी झालेली. भानुमती दारापाशी उभी राहून प्रत्येक चेहरा बघत होती. मग दुसरी बस. त्यातून पाच-सहा फौजी उतरले, तेव्हा तिनं डबा घट्ट धरला. त्यांत परीक्षित नव्हता. तिसऱ्या बसमध्येही नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे नको नको ते यायला लागलं. खड्डा, धुकं, समोरून येणारा ट्रक.

"अहो, विचारा ना त्यांना."

श्यामकांतनी त्या फौजींपैकी एका वयस्कर सरदारजीला गाठलं. कॅप्टन टिपणीस? हो हो, आमच्याच बसमध्ये होते ना, सरदारजी म्हणाले. "साहब तो फ़रीदाबाद उतर गए जी. बोले, यहीं मेरे माँ-बाप का घर है, मैंने देखा भी नहीं. गाड़ी तो शाम की है, मिलकर आता हूँ."

भानुमती बसवरून उतरवलेल्या एका ट्रंकेवर बसली. ती इथे पुलावरून इकडेतिकडे करत होती आणि त्याची बस तिच्या घरावरून गेली होती. तो आपणहून उतरला होता. भांडून गेलेला मुलगा आपणहून घरी आला होता आणि दाराला कुलूप होतं.

"चला," ती उठली.

"कुठं? थांब. भानू, ऐक. त्याची गाडी इथून आहे. तो इथंच येणार. आपण इथंच थांबू."

आणि तेव्हाच तिला बलबीर आठवला. "अहो, तो वॉचमन त्याला काय सांगेल?"

"काय सांगेल?" श्यामकांतनी विचारलं.

"बाज़ार गए हैं, अभी आते होंगे. मीच सांगून ठेवलंय. मी त्याला म्हटलं होतं, स्टेशनवर येणार नाही. त्याला वाटेल ही खरंच आली नाही. मुलगा आजच्या दिवशी इथून जाणार हे माहीत असून आई भाजी आणायला गेली. आणि तो वाट बघत बसेल. आत्ता येतील, आत्ता येतील म्हणून पायऱ्यांवर बसून राहील. तुमच्या आधी ओळखते मी त्याला."

"मग तू जा, मी इथं थांबतो," असं श्यामकांत म्हणाले असते तर सगळंच निराळं झालं असतं. ते तसं म्हणालेही, पण अर्धंच. बाहेर धुकं पुन्हा दाटत होतं, अंधारायला आलं होतं, आणि बदरपूरच्या रस्त्यावर या दिवसांत रोज काहीतरी होत होतं. "तुला एकटीला नाही सोडत," ते म्हणाले. "चल, दोघं जाऊ. त्याला घेऊन परत येऊ. गाडी काय वेळेवर सुटणार आहे? आज एक तरी सुटलीय का?"

हे मात्र कोणालाही पटण्यासारखं होतं.

परतीच्या शटलचा पत्ता नव्हता आणि रिक्षावाले फरीदाबादचं नाव काढताच मान वळवत होते. एक कसाबसा बदरपूरपर्यंत तयार झाला. मथुरा रोडवर गाड्या एकमेकींच्या मागच्या दिव्यांना धरून सरकत होत्या. समोरून दिल्लीकडे जाणाऱ्या बसगाड्यांचे नुसते पिवळे डोळे दिसायचे, मग काळी आकृती, मग पुन्हा धुकं. भानुमती प्रत्येक बसच्या खिडक्यांकडे बघायचा प्रयत्न करत होती. काचा बंद, आतून वाफ धरलेली. त्यातल्या एकीत तो होता. हे तिला नंतर कळलं, पण तेव्हाही एका बसपाशी तिला उगाच वाटलं होतं, आणि ती ते पुढे कित्येकदा बोलून दाखवायची.

बदरपूरहून दुसरी बस, मग सायकलरिक्षा. गेटशी शेकोटी होती, बलबीर होता.

"मैडम, एक लड़का आया था," तो उभा राहत म्हणाला.

"कहाँ है?"

"गया. घंटा भर हो गया. बहुत बैठा. मैंने कहा, बाज़ार गए हैं, आते ही होंगे. पूछा, कब गए? मैंने कहा, अभी. फिर पूछा, पक्का बाज़ार ही गए हैं? स्टेशन तो नहीं? मैंने कहा, नहीं जी, बाज़ार."

"अरे, वो बेटा था हमारा!" श्यामकांत ओरडले. त्यांना ओरडताना भानुमतीनं फारसं कधी ऐकलं नव्हतं.

"बोला तो था, बेटा हूँ," बलबीर गोंधळून म्हणाला. "पर साहब, मैडम ने ही कहा था, कोई भी पूछे."

भानुमती तशीच जिन्याकडे वळली. ती जिना चढत होती आणि श्यामकांत मागून म्हणत होते, "आपण परत जाऊ या, भानू, अजून गाठू," आणि दोघांनाही माहीत होतं की त्या धुक्यातून पुन्हा तेवढाच वेळ लागणार.

चौथ्या मजल्यावर समोरचं दार साखळीपुरतं उघडलं. खुराणाबाईंचा अर्धा चेहरा दिसला. "आपके यहाँ कोई बैठा था जी सीढ़ियों पे. बड़ा कोट पहने. मैंने तो दरवाज़ा खोला नहीं, अकेली थी, ज़माना ख़राब है. बेचारा एक बार पानी माँग रहा था." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आपका था?"

"हाँ," भानुमती म्हणाली. "मेरा था."

कुलपाच्या कडीत डबा अडकवलेला होता. नोव्हेंबरचा. घासून लख्ख केलेला, कापडी पिशवीत, गाठ मारून. पायरीवर बुटांच्या चिखलाचे ठसे होते, आणि एका ठिकाणी भिंतीला पाठ टेकून चुना पुसला गेला होता. श्यामकांतनी कुलूप काढलं. भानुमतीनं आत येऊन दिवासुद्धा न लावता डबा उघडला. वरचे तीन पूड रिकामे होते. चौथ्यात काटेरी हलवा होता, पांढरा, मधे मधे केशरी, पुण्याच्या पुडीतून ओतलेला. दिल्लीत हलवा मिळत नाही म्हणून ती दर संक्रांतीला एकदा तरी म्हणायची, आणि बाप-लेक ते ऐकून सोडून द्यायचे, असं तिला वाटत आलं होतं.

तोही गोडच घेऊन आला होता.

दुसरा डबा तिच्या शालीत तसाच होता. गुळपोळ्या अजून मऊ होत्या.

जम्मूची ती जादा गाडी त्या संध्याकाळी अगदी वेळेवर सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामकांत चौकात जाऊन बूथवरून चौकशी करून आले, तेव्हा हे कळलं. मग ते तार ऑफिसला गेले आणि परीक्षितच्या युनिटच्या पत्त्यावर तार केली की आम्ही स्टेशनवर होतो, बाजारात नव्हतो, पत्र पाठवतो. भानुमतीनं सविस्तर पत्र लिहिलं. वॉचमनचं, चोरीचं, पुलाचं, सरदारजींचं. जे तोंडासमोर सांगायचं होतं तेही लिहिलं, पण ते कागदावर उतरलं तेव्हा एखाद्या अर्जासारखं दिसायला लागलं. तिळगुळाची पुडी सोबत घालावी असं वाटलं. पण बर्फामुळे टपाल अडकलंय असं ऐकलं, आणि रथसप्तमीनंतर तिळगूळ देत नाहीत. ती पुडी फडताळातच राहिली.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. या वेळी तिच्या नावानं होतं. तार आणि पत्र मिळालं, त्यानं लिहिलं होतं. हसू आलं, तू आणि तुझा वॉचमन. घर बाहेरून छान आहे. परत आल्याबरोबर त्याच दिवशी मुदतवाढीवर सही करून टाकली, पत्र नंतर मिळालं, पण आता तुझी हरकत नाही हे वाचून बरं वाटलं. आणि शेवटी होतं, "त्या दिवशी तुम्ही दोघं पुलांवरून किती फिरला असाल ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बाबांचे गुडघे असे. म्हणून मी ठरवलंय की यापुढे जाता-येता तुम्हाला कळवायचं नाही. रजा मिळाली की सरळ घरी येईन, रीतसर, बेल वाजवून. आता तू स्टेशनवर येऊ नकोस, आई. तूही तसंच म्हणाली होतीस ना."

भानुमतीनं ते पत्र श्यामकांतना वाचायला दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. श्यामकांत वाचून म्हणाले, "किती समजूतदारपणे लिहिलंय."

"हो," ती आतून म्हणाली.

त्यानंतर ती गाडी दिल्लीवरून जातच होती. त्यात तो केव्हा असायचा, केव्हा नसायचा, तिला कळायचं नाही. धुकं असलं की ती आपणहून म्हणायची, "आज गाड्या उशिरा असतील," आणि श्यामकांत वर्तमानपत्रातून मान वर न करता "असतील" म्हणायचे. रजा मिळायची, पण दर वेळी काहीतरी निघून ती पुढे जायची.

एकदा ती खाली उतरून बलबीरकडे गेली. "देखो," ती म्हणाली, "अब कोई भी पूछे, तो सच बता देना. कहाँ गए हैं, कब आएँगे, सब."

"जी मैडम," बलबीर म्हणाला. मग त्यानं जरा विचार केला. "पर पूछता तो कोई नहीं."

वर आली तेव्हा फळीवर दोन्ही डबे शेजारी शेजारी होते. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना असं कधी ठेवलं नव्हतं, त्यामुळे फळीवर दुसऱ्याची जागाच नव्हती आणि तिला पोह्यांचा डबा खाली काढावा लागला होता. तिनं एकाचं झाकण पदरानं पुसलं. मग दुसऱ्याचंही पुसलं.